इंग्रजीच्या तासाला आशिया

अमेरिकेतील शाळांत इंग्रजीच्या तासाला आशिया आला तो बहुतांशी पर्ल बक यांच्या 'द गुड अर्थ'चे बोट धरून. १९३१ साली आलेल्या या कादंबरीला पुढच्याच वर्षी पुलित्झर मिळाले आणि १९३८ साली लेखिकेला नोबेल. बक मिशनरी आईवडिलांबरोबर चीनमध्ये वाढल्या, चिनी बोलत मोठ्या झाल्या. त्यामुळे वांग लुंगची शेतजमीन, दुष्काळ, पोटासाठी दक्षिणेकडे निघालेले बिऱ्हाड यांत कुठे ऐकीव माहितीचा वास येत नाही. हाती लागलेल्या जडजवाहिरातून ओ-लान स्वतःसाठी फक्त दोन मोती मागून घेते आणि उराशी जपते. पुढे ती तळ्यावर धुणे धूत असताना नवरा तेच मोती मागतो, दुसऱ्या बाईला द्यायला. ती काढून देते आणि पुन्हा धुणे आपटू लागते. लेखकाने स्वतः गप्प राहून किती सांगता येते, हे पंधरा वर्षांच्या मुलाला शिकवायला एवढा एक प्रसंग पुरतो.

अडचण झाली ती या कादंबरीला एकटीलाच बसवल्यामुळे. पिढ्यानुपिढ्या मुलांनी शाळेत चीन पाहिला तो एवढाच: दुष्काळ, नांगर आणि सोशीक बायको. त्यातच १९३७चा चित्रपट वर्गात दाखवला जाई. त्यात मुख्य चिनी पात्रे रंगरंगोटी केलेल्या गोऱ्या नटांनी केली होती, आणि ओ-लान झालेल्या लुईझ रायनरला त्यासाठी ऑस्करही मिळाले.

बाहेरून लिहिणाऱ्या सगळ्यांची तयारी बक यांच्याइतकी नव्हती. धाकट्या वर्गांत घरोघर पोचलेले एलिनॉर कोअर यांचे सदाकोवरचे पुस्तक (१९७७) घ्यावे. हजार क्रौंच घडवले तर वाचू, या आशेने त्यातली सदाको कागदाचे ६४४ क्रौंच घडवून मरते आणि उरलेले तिचे वर्गमित्र पुरे करतात. हिरोशिमाची खरी सदाको सासाकी १९५५ साली गेली, तेव्हा घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे तिचे हजार केव्हाच पुरे झाले होते आणि घड्या घालणे चालूच होते. हजार पुरे करूनही मूल वाचत नाही, ही खरी गोष्ट कितीतरी कठोर आहे, आणि तीच मुलांपासून लपवली गेली. आर्थर गोल्डन यांच्या 'मेम्वार्स ऑफ अ गेइशा'वर वेळ घालवण्याचे कारण नाही. ज्या गेइशाच्या मुलाखतींचा त्या कादंबरीला आधार होता, तिनेच २००१ साली लेखकाला कोर्टात खेचले, यातच सारे आले.

काही अभ्यासक्रमकारांचे म्हणणे असे, की परक्या मुलखात मुलाला नेताना वाटाड्या त्याच्याच मुलखातला असावा. हे म्हणणे टिकत नाही, आणि ते किती फोल आहे हे अनिता देसाई यांच्या 'द व्हिलेज बाय द सी'ने (१९८२) दाखवून दिले. इंग्रजीत लिहिलेली ही कादंबरी घडते अलिबागजवळच्या थळ गावात. तिला १९८३ साली ब्रिटनचे गार्डियन बालसाहित्य पारितोषिक मिळाले. आई अंथरुणाला खिळलेली, बाप दारूत बुडालेला, धाकट्या बहिणी आणि सगळा भार लीला व हरी या दोघांवर. बहुतेक वर्गांत चर्चा इथेच थांबते आणि कादंबरी गरिबीचा धडा होऊन बसते. कादंबरीचा खरा जीव दुसरीकडे आहे. गावात खताचा कारखाना येणार असतो. त्याविरुद्ध मुंबईला निघालेल्या लोकांबरोबर हरी जातो आणि तिथेच राहतो, एका कळकट खाणावळीत राबतो, शेजारच्या घड्याळजींकडून घड्याळदुरुस्ती शिकतो. कारखान्याला विरोध करणाऱ्यांत त्याचे मन पुरते रमत नाही आणि कारखान्याची वाट पाहणाऱ्यांतही नाही. येणारे येणारच, मग आपण काय शिकून ठेवावे, एवढाच हिशोब तो मांडतो. इतकी अवघड भूमिका किशोरवयीन नायकाला देणारी पुस्तके कोणत्याही भाषेत थोडीच. थळच्या किनाऱ्यावर सुगरण पक्ष्यांचा अभ्यास करणारे एक सय्यद अली त्यात भेटतात. सालिम अली यांनी १९३०च्या सुमारास शेजारच्याच किहीमला सुगरणींचा अभ्यास केला होता, हे माहीत असलेल्या मराठी वाचकाला त्या पानांवर वेगळाच आनंद मिळतो.

स्थलांतरितांच्या साहित्याचे दालन आज सर्वांत भरलेले आहे आणि त्याची ओळख करून देण्याची गरज उरलेली नाही. एमी टॅन यांचा 'द जॉय लक क्लब' (१९८९), झुंपा लाहिरींची 'द नेमसेक' (२००३) आणि तिच्यावरचा मीरा नायर यांचा चित्रपट, ऑस्ट्रेलियात ॲलिस पंग यांचे 'अनपॉलिश्ड जेम' (२००६) ही नावे शिक्षकांना पाठ आहेत. दोन पुस्तकांपाशी मात्र थांबायला हवे. जीन लुएन यांग यांच्या 'अमेरिकन बॉर्न चायनीज'ने (२००६) चित्रकादंबरीला शाळेत मानाचे पान मिळवून दिले. वानरराजाची पुराणकथा, नव्या शाळेतला एकटा मुलगा आणि टीव्हीवरच्या थट्टेतला 'चिनी' हे तिचे तीन धागे शेवटी एकत्र येतात तेव्हा रचना म्हणजे काय ते मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. दुसरे ज्युली ओत्सुका यांचे 'व्हेन द एम्परर वॉज डिव्हाइन' (२००२). १९४२च्या हुकुमाने छावणीत डांबलेल्या जपानी-अमेरिकन कुटुंबाला लेखिकेने नावेच दिलेली नाहीत.

ही पुस्तके उत्तम आहेत, पण ती अमेरिकेची आहेत. अमेरिकेने आपल्याच नागरिकांना तारेच्या कुंपणाआड कोंडले हा अमेरिकेचा इतिहास होय. ते पुस्तक लावून 'आशिया झाला' अशी खूण यादीत करणे ही फसवणूक आहे, आणि अलीकडे ती सर्रास चालते.

आशिया खरोखर वर्गात आणायचा तर अनुवादाला पर्याय नाही. इंग्रजीच्या तासाला इंग्रजीत लिहिलेलेच शिकवावे, असा हट्ट धरणारे आजही आहेत. त्यांच्याच शाळांत होमरची 'ओडिसी' लावलेली असते, 'अँटिगनी' असते, ॲन फ्रँकची डायरी असते, एली वीझेल यांचे 'नाइट' असते. ग्रीक, डच आणि फ्रेंचमधून आलेले चालते, मग जपानी आणि बंगालीतून आलेलेच का खटकावे, याचे उत्तर त्यांच्याकडून कधी आलेले नाही. इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएटने आपल्या साहित्याच्या अभ्यासक्रमात अनुवादित कृती सक्तीच्या करून हा प्रश्न आपल्यापुरता निकालात काढला.

अनुवाद आणि चित्रपट यांची सांगड कशी घालावी, याचा नमुना जपानी लेखक अकुतागावा आणि दिग्दर्शक कुरोसावा यांच्याइतका चांगला दुसरीकडे सापडत नाही. अकुतागावा यांची 'इन अ ग्रोव्ह' (१९२२) ही दहा-बारा पानांची कथा. बनात एका सामुराईचे प्रेत सापडते आणि सात जबान्या होतात: लाकूडतोड्या, भिक्षू, शिपाई, म्हातारी, दरोडेखोर, मृताची बायको, आणि माध्यमाच्या तोंडून खुद्द मृत. निवेदक नाही. न्यायाधीशाचे प्रश्नही छापलेले नाहीत, फक्त उत्तरे. कोणाचे खरे, हे कथा सांगत नाही. कुरोसावांनी १९५०च्या 'राशोमोन'मध्ये हीच युक्ती कॅमेऱ्याकडे सोपवली. साक्षीदार उघड्या अंगणात बसून थेट प्रेक्षकाकडे पाहत बोलतात, न्यायाधीश दिसत नाही की ऐकू येत नाही. मुलांना पुढच्या बाकावर बसवून एवढा भाग दाखवला की निवाडा आपल्यालाच करायचा आहे, हे त्यांना उमगते. मग दोन्ही कृती शेजारी ठेवाव्यात. लाकूडतोड्याची दुसरी हकिगत चित्रपटात आहे, कथेत नाही. पडक्या वेशीत सापडलेले आणि लाकूडतोड्याने उचलून नेलेले तान्हे बाळही चित्रपटातलेच. या शेवटाने कथेचा काच बोथट झाला, की माणसाला उभे राहायला जागा मिळाली? या प्रश्नावर वर्ग दुभंगतो, आणि दोन्ही बाजूंना पुरावा मजकुरात व चौकटीत शोधावा लागतो. चित्रपट ८८ मिनिटांचा आहे, म्हणजे दोन तासिका. विषय बलात्काराचा आणि मृत्यूचा असल्याने सोळाच्या आतल्यांना तो लावू नये आणि पालकांना आधी कल्पना द्यावी.

'मॅकबेथ' लावलेल्या वर्गात त्यावर बेतलेला कुरोसावांचाच 'थ्रोन ऑफ ब्लड' (१९५७) दाखवणे ही चैन समजली जाते. तो गरजेचा भाग आहे. त्यात शेक्सपिअरची एकही ओळ नाही, आणि म्हणूनच ओळी काय करत होत्या ते कळते. तीन चेटकिणींच्या जागी चरखा फिरवणारे एकच भूत आहे. लेडी मॅकबेथच्या जागची असाजी नोह नाटकातल्या मुखवट्यासारखा चेहरा स्थिर ठेवून वावरते. पहारेकऱ्यांसाठी गुंगीचे मद्य आणायला ती दाराआडच्या काळोखात शिरते आणि परत येते, तेव्हा ऐकू येते ती फक्त तिच्या रेशमी वस्त्राची सळसळ. शेक्सपिअरचा नायक मॅकडफच्या हातून मरतो. चित्रपटातल्या नायकाला, वाशिझुला, त्याचेच सैनिक बाणांनी खिळवतात. शिक्षा कोणी द्यायची, यावर दोन संस्कृतींची दोन उत्तरे एका आठवड्यात समोर येतात. विशाल भारद्वाज यांचे 'मकबूल', 'ओंकारा' आणि 'हैदर' याच कामाचे आहेत, मात्र वरच्या वर्गांपुरते.

बंगालीतून निवड करताना एक सावधगिरी हवी. 'पथेर पांचाली'चा क्लार्क आणि मुखर्जी यांनी केलेला इंग्रजी अनुवाद (१९६८) मूळ कादंबरी संपते तिथे संपत नाही. सत्यजित राय यांचा चित्रपट संपतो तिथे, कुटुंब गाव सोडते तिथेच तो थांबतो. काशीचा भाग अनुवादकांनी वगळला. पुस्तक आणि चित्रपट यांची तुलना करायला सांगणाऱ्या शिक्षकाला हे ठाऊक नसेल, तर मुले चित्रपटाशी चित्रपटाचीच तुलना करत बसतात.

लहान वर्गांसाठी इराणी चित्रपटांना तोड नाही. किआरोस्तामी यांच्या 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?'मध्ये (१९८७) अहमदच्या दप्तरात मित्राची वही चुकून येते. उद्या वहीत गृहपाठ नसेल तर मास्तर त्या मित्राला शाळेतून काढणार असतात. पत्ता माहीत नसताना तो टेकडीवरच्या वळणावळणाच्या वाटेने शेजारच्या गावी पळत सुटतो. मोठी माणसे त्याचे म्हणणे ऐकूनच घेत नाहीत. घर सापडत नाही, तेव्हा तो रात्री दोघांचाही गृहपाठ स्वतःच लिहितो. यात खलनायक नाही आणि इराणची 'माहिती'ही नाही, पण आज्ञा मोडून योग्य ते करता येते का, हा प्रश्न पूर्ण ताकदीने आहे. माजिदींच्या 'चिल्ड्रन ऑफ हेवन'मध्ये (१९९७) बहिणीसाठी बूट मिळावेत म्हणून शर्यतीत तिसरा यायला निघालेला अली पहिला येतो. कथानकातली उलटापालट शिकवायला याहून सोपे उदाहरण नाही. जपानी ॲनिमेशनपटांपैकी 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' आणि 'माय नेबर टोटोरो' १९८८ साली जपानी चित्रगृहांत एकाच खेळाला जोडीने लागले होते. वर्गातही ते जोडीनेच दाखवावेत. पहिल्यातली भावंडे उपासमारीने मरतात, दुसऱ्यातली आईची वाट पाहत तगतात.

मुलांना सबटायटल झेपत नाहीत, हा आक्षेप आता निकामी झाला आहे. तीच मुले घरी कोरियन मालिका ओळी वाचत रात्र रात्र पाहतात.

मार्गदर्शनाची उणीव नाही. अमेरिकेत असोसिएशन फॉर एशियन स्टडीजने १९९६ साली शिक्षकांसाठी खास नियतकालिक सुरू केले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात आशियाशी असलेले नाते हा सर्व विषयांना लागू असलेल्या तीन प्राधान्यांपैकी एक आहे. उणीव आहे ती वेळेची आणि धीराची. अखंड पुस्तक मागे पडून उतारे आले, अखंड चित्रपट मागे पडून सात मिनिटांचे तुकडे आले. अमेरिकेत मे महिना आशियाई वारशाचा, म्हणून पुस्तके मेमध्ये कपाटाबाहेर येतात आणि जूनमध्ये परत आत जातात. वाद उठला की संस्था कचरते: मार्जान सत्रापी यांची 'पर्सेपोलिस' २०१३ साली शिकागोच्या सरकारी शाळांतील वर्गांतून काढण्याचा आदेश निघाला, तेव्हा विद्यार्थीच रस्त्यावर उतरले. पूर्वी एका 'मॅकबेथ'ला अख्खे सत्र देणारे शिक्षक होते. त्या सत्रात कुरोसावाला जागा मिळे. आता मॅकबेथलाच जागा नाही.

या याद्यांत मराठी जवळजवळ नाही, आणि त्याला आता सबब उरलेली नाही. साने गुरुजींची 'श्यामची आई' शांता गोखले यांच्या इंग्रजीत उपलब्ध आहे. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ला २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्याच परीक्षक मंडळाने क्रिस्टल बेअर दिले. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणातल्या नव्या शाळेत आलेला चिन्मय तेरा-चौदा वर्षांच्या कोणत्याही मुलाला कळतो. शेवटच्या वर्षाच्या वर्गांसाठी वसंत मून यांची 'वस्ती' गेल ऑम्व्हेट यांच्या अनुवादात २००१पासून आहे. नागपूरच्या महारवाड्यातले बालपण, समता सैनिक दल आणि आंबेडकरी चळवळीत घडत गेलेला मुलगा तिच्यात आहे. हाच मुलगा पुढे बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या खंडांचा संपादक झाला. अमेरिकन शाळांत फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५चे आत्मकथन वर्षानुवर्षे लावलेले असते. 'वस्ती' त्याच्याच जोडीला, त्याच सत्रात लावावी: डग्लस चोरून वाचायला शिकतात, मून यांच्या पुस्तकात अख्खी वस्ती वाचायला लागते.