राम सुतार : हात, हुन्नर आणि शिकवणारा माणूस

१७ डिसेंबर २०२५ रोजी शिल्पकार राम वनजी सुतार नोएडा येथे वारले. त्यांनी वयाची शंभरी पार केली होती. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत मोजमापेच अधिक आली. सरदार पटेलांचा पुतळा १८२ मीटर, हैदराबादचा बाबासाहेबांचा पुतळा १२५ फूट, इंदू मिलच्या जागेसाठी आखलेला ३५० फूट. आकडे खोटे नाहीत. पण फुटांनी माणूस कळत नाही. हा हात कसा घडला आणि तो घडायला कोण कारणीभूत झाले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आणि तो केवळ कलेचा प्रश्न नाही.

धुळे जिल्ह्यातील गोंदूर हे त्यांचे गाव, जन्म १९ फेब्रुवारी १९२५ चा. वडील सुतारकाम करीत. म्हणजे आडनाव हाच धंदा. नांगर, तिफण, गाडीचे चाक, दाराची चौकट हे गावगाड्याने सुताराला नेमून दिलेले काम. अशा घरातल्या मुलाचा हात बापाच्या हाताकडे बघून तयार होतो, पण तेवढ्याने तो वेशीबाहेर जात नाही. राम सुतारांना श्रीराम कृष्ण जोशी हे गुरू भेटले. त्यांच्या प्रोत्साहनाने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथे मॉडेलिंगचे मेयो सुवर्णपदक त्यांनी मिळवले. पुढे १९५४ ते १९५८ ही वर्षे पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत गेली. अजिंठा-वेरूळच्या भंगलेल्या शिल्पांची दुरुस्ती हे त्यांचे काम होते. वेरूळचे दहावे लेणे बौद्ध चैत्यगृह आहे. त्याच्या छताला दगडातच लाकडी वासे कोरले आहेत, म्हणून लोक त्याला 'सुताराचे झोपडे' म्हणतात. लाकडावर चालणारा हात दगडावर चालल्याची ती खूण आहे. आपल्या मराठवाड्यातल्या त्या खडकानेही या माणसाला शिकवले असणार, असे मला वाटते.

आता इथे थोडे थांबले पाहिजे. सुताराच्या हाताला जे. जे. चा दरवाजा सापडला. चांभाराच्या, मांगाच्या, बुरुडाच्या हातात हुन्नर कमी होता काय? कातडे बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात किती दिवस ठेवायचे, हलगी किती तापवली म्हणजे आवाज धरते, दोराला पीळ किती द्यायचा, हे ज्ञान नव्हे तर काय? पण त्या ज्ञानाच्या वाट्याला शाळा आली नाही, विटाळ आला. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली सांगून ठेवले. त्या विभागणीत एकाचा हात 'कलावंताचा' होतो आणि दुसऱ्याचा हात 'धंद्याचा' राहतो. मधे फरक असतो तो शिकवणाऱ्या माणसाचा आणि शाळेच्या उघड्या दाराचा.

पुतळा घडतो कसा, हेही आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे. आपण वर्गणी काढतो, हार घालतो, पण त्यामागचे श्रम बघत नाही. प्रथम छोटा नमुना. मग सळ्यांचा सांगाडा करून त्यावर माती चढवायची. बोटांचा खरा कस इथे लागतो, कारण चेहरा मातीतच सापडतो किंवा हरवतो. मातीवरून प्लास्टरचा साचा, साच्यात मेणाचा थर, मेणाभोवती भट्टीत टिकणारे आवरण. आच दिली की मेण वाहून जाते आणि त्याच्या रिकाम्या जागेत वितळलेले ब्राँझ शिरते. मोठा पुतळा तुकड्यातुकड्यांनी ओततात, जोडतात, सांधे कानशीने घासतात. पटेलांच्या पुतळ्यासारख्या अजस्र कामात आत काँक्रीट-पोलाद आणि बाहेर ब्राँझचे पत्रे असतात. म्हणजे एका नावामागे ओतारी, जोडारी, घासणारे असे कितीतरी हात असतात. त्यांची नावे कोनशिलेवर येत नाहीत.

पुतळा म्हणजे आपल्या लोकांना काय, हे परभणीकरांना सांगायला नको. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. शहरात उद्रेक झाला, आणि अटकेतला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला.

माझे गाव त्याच जिल्ह्यातले, जिंतूर तालुक्यातले बोरी. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. राम सुतारांची बातमी वाचली तेव्हा मला आमचे ड्रॉइंगचे सर आठवले. ते तीन वर्षांपूर्वी गेले. कुठे दोन ओळीही छापून आल्या नाहीत. ए.टी.डी. झालेले, हाताला कायम पोस्टर कलरचा वास. मी शिकलो त्या शाळेत त्यांचा तास बहुतेक वेळा गणिताला दिला जाई, आणि सरांना गॅदरिंगचे पडदे रंगवायला बसवत. काही सहकारी त्यांना 'रंगारी' म्हणत. सर हसत, पण ब्रश जरा जोरात आपटत. एलिमेंटरी परीक्षेची माझी फी त्यांनी खिशातून भरली. वस्तुचित्राला तांब्या ठेवून म्हणाले, "आधी बघायला शीक, काढायचं नंतर." ते वाक्य मी आज वाङ्मय शिकवतानाही वापरतो.

त्यांची जागा पुन्हा भरली नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाची तरतूद आहे, पण ती अर्धवेळ निदेशकाची, आणि तीही शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळेसाठी. वाडी-तांड्यावरची शाळा या हिशेबात बसतच नाही. साडेतीनशे फुटांचा पुतळा व्हावा, मला त्याचे वावडे नाही. पण त्या पुतळ्याची माती हाताळणारे पोर आपल्या वस्तीतून कसे निघणार, हे समित्यांनी एकदा तरी विचारावे.

वस्तीतली बाबासाहेबांची मोठी पाटी सरांनीच रंगवली होती, पैसे न घेता. मागच्या जयंतीला फ्लेक्स परभणीहून छापून आला. पाटी समाजमंदिराच्या आतल्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली आहे. चष्म्याची एक काडी पुसट झाली आहे. ती कोणाकडून रंगवून घ्यावी, हे कोणालाच सांगता येईना.