झिजेल तेच राखेल

१ जून ते ३१ जुलै या दोन महिन्यांत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. या काळात कोकणातल्या कुठल्याही बंदरावर चक्कर मारावी. एरवी लाटांवर डुलणाऱ्या नौका वाळूवर ओळीने शाकारून ठेवलेल्या दिसतात. कुणावर नारळाचे झाप, कुणावर निळे प्लॅस्टिक. जुलै सरू लागला की हे पांघरूण निघते आणि घासकाम, रंगकाम सुरू होते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्याच नौका नव्या नवरीसारख्या उजळून पाण्यात उतरतात. शहरातून आलेल्या पाहुण्याला हा सगळा सजावटीचा मामला वाटतो. तो फोटो काढतो आणि परततो.

वस्तुस्थिती अशी, की पाहुण्याला दिसते ती झिलई पाण्याच्या रेषेच्या वरची. होडीचे आयुष्य ठरते ते रेषेखाली. बँकेच्या नोकरीत मच्छीमार कर्जांच्या तपासणीला किनाऱ्यावर जावे लागे. तेव्हा एका वयस्क तांडेलाने मला हे एका वाक्यात सांगितले होते. ‘‘सायबानू, रंग काय बघतास? बूड बघा बूड!’’ तारण मालमत्तेच्या मूल्यमापनावर परिपत्रके पुष्कळ वाचली. यापेक्षा नेमके वाक्य एकाही परिपत्रकात सापडले नाही.

बुडाला काय लावावे, हा प्रश्न माणूस समुद्रात उतरला तेव्हापासूनचा आहे. समुद्राचे पाणी केवळ खारे नसते, ते भुकेले असते. त्यात टेरेडो नावाचा जीव आहे. दिसायला किडा, पण खरे तर शिंपल्याच्या कुळातला. तो लाकडात सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून शिरतो आणि आतल्या आत बोगदे काढत जातो. वरून फळी धडधाकट आणि आतून चाळण! दुसरी जात चिकटणाऱ्यांची. आधी शेवाळाचा बुळबुळीत थर, मग खडकांवर दिसतात तसले टणक, धारदार कवचांचे बार्नेकल. त्यांनी बूड खरखरीत झाले की वेग घटतो आणि डिझेल जास्त जळते. मच्छीमाराच्या हिशेबात ही चैनीची नव्हे, रोजच्या खर्चाची बाब आहे.

आपल्याकडच्या जुन्या लोकांनी घरगुती उपाय शोधले होते. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोसायचा, त्यावर राळ भरायची. लाकडाला माशाचे तेल पाजायचे, ते तारल्यांचे असेल किंवा मुशीच्या काळजाचे. दक्षिण कोकणात आणि गोव्यात काजूच्या टरफलांचे तेल. ते इतके जहाल, की हाताला लागले तर कातडी सोलवटते. लाकूड पोखरणाऱ्याला ते कसे रुचावे? बुडाला चुना आणि चरबी यांचा लेप. मार्को पोलोनेही होर्मुझच्या जहाजांना डांबराऐवजी माशाचे तेल चोपडतात, असे नोंदवून ठेवले आहे. या सर्व उपायांत एक समान गोष्ट होती. ते टिकत नसत. तेल उडून जाई, चुना धुपून जाई, आणि माणसाला पुन्हापुन्हा होडी वर ओढून, तिच्या अंगावरून हात फिरवून, तोच लेप द्यावा लागे. या हात फिरवण्यातच सैल झालेला खिळा आणि मऊ पडलेली फळी कळून येत असे.

टिकाऊ उपायाचा ध्यास इंग्रजांच्या आरमाराने घेतला. १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले आणि तिला वेस्ट इंडीजला धाडले. परतल्यावर बूड स्वच्छ निघाले, पण तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे कुजून गेले होते. जिथे पत्र्याखाली वेष्टणाचा खाकी कागद चुकून तसाच राहिला होता, तिथले खिळे मात्र शाबूत! दोन धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की एक दुसऱ्याला खातो, हा धडा त्या कागदाने दिला.

पुढची गोष्ट त्याहून बोधप्रद आहे. तांबेही हळूहळू झिजत होते, आणि तांबे महाग. ही झीज थांबवण्याचे काम सर हम्फ्री डेव्ही या नामांकित शास्त्रज्ञाकडे आले. १८२४ साली त्यांनी युक्ती काढली, की तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे छोटे तुकडे जोडावेत. ते झिजतील आणि तांबे वाचेल. शास्त्र अचूक ठरले. तांबे झिजायचे थांबले, पण आता त्यावर शेवाळ आणि शिंपले बिनदिक्कत वाढू लागले! कारण तांबे जिवांना दूर ठेवत होते ते त्याचे कण पाण्यात विरघळत होते म्हणूनच. झीज थांबली तशी राखणही थांबली. आरमाराला ती युक्ती गुंडाळावी लागली. आज आपल्या ट्रॉलरच्या पंख्याजवळ जस्ताच्या वड्या बसवतात, त्या मात्र डेव्हींच्याच विचारातून आल्या आहेत. वडी झिजते, पंखा वाचतो.

हिशेबनिसाच्या भाषेत याला घसारा म्हणतात. यंत्र आज चालते आहे, तरी त्याची झीज वहीत दरवर्षी मांडावी लागते. न मांडणाऱ्याचा ताळेबंद दिसतो छान, पण तो खोटा असतो. होडीवरचा लेप हा असाच अंगावर मांडलेला घसारा आहे. होडीने झिजू नये म्हणून तिच्या वाटचे तो झिजतो.

आता फायबरच्या होड्यांचे युग आहे. फायबरला टेरेडो लागत नाही, म्हणून ‘आता काही करायला नको’ असा समज बळावला. हा समज महागात पडतो. फायबरच्या होडीला वरून जेलकोट नावाचा रंगीत राळेचा थर असतो. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. होडीची सारी झिलई या अर्ध्या मिलिमीटरात. ऊन तिला खाते. बोट फिरवल्यावर खडूसारखी पांढरी भुकटी लागली, की जेलकोट मरू लागला असे समजावे. गडद रंगांवर हे लवकर दिसते.

मेणाची जागा इथे. कार्नोबा नावाचे ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचे मेण यासाठी प्रसिद्ध आहे. झळाळी सुरेख, पण आपल्या उन्हात काही महिन्यांची सोबत. कृत्रिम पॉलिमरचे लेप त्याहून अधिक टिकतात; सिरॅमिक म्हणून विकले जाणारे लेप आणखी टिकतात, मात्र पृष्ठभागाची पूर्वतयारी जराही कच्ची राहिली तर पैसे पाण्यात. नियम साधे आहेत. भुकटी सुटलेल्या जेलकोटवर मेण लावू नये; आधी घासणीच्या लेपाने मेलेला थर काढावा, मग मेण. पण प्रत्येक घासणीत तो अर्धा मिलिमीटर थोडा कमी होतो, म्हणून वेळच्या वेळी मेण लावणे हेच स्वस्त. भांड्यांच्या साबणाने होडी धुतली की मेण निघून जाते. आणि मेण पाण्याच्या रेषेच्या वरच. खाली बुडाला त्याचा उपयोग नाही, उलट तिथे मेणाचा अंश राहिला तर रंग धरत नाही. फायबरमध्येही पाणी सावकाश झिरपून फोड येतात. सदैव पाण्यात राहणाऱ्या होडीच्या बुडाला म्हणूनच इपॉक्सीचा अस्तर-थर देतात.

बुडाच्या रंगाची कथा मात्र काळजी करायला लावणारी आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ट्रायब्युटिल टिन, म्हणजे टीबीटी नावाचे कथिलाचे संयुग असलेले रंग आले. इतका गुणकारी रंग पूर्वी झाला नव्हता. वर्षानुवर्षे बूड स्वच्छ. पण फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कालवांची पैदास कोसळली; उरलेल्यांची कवचे जाड आणि वेडीवाकडी झाली. एक लिटर पाण्यात एका ग्रॅमचा अब्जावा भाग एवढ्या अंशानेही काही समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रिये फुटू लागतात आणि पुढे प्रजोत्पादन थांबते, असे आढळले. १९८२ साली फ्रान्सने पंचवीस मीटरपेक्षा लहान नौकांवर हा रंग बंद केला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत २००१ साली करार झाला आणि तो २००८ साली अमलात आला. होडीच्या वाटचा घसारा दुसऱ्याच कुणाच्या वहीत चढला होता, हे उमगायला एवढी वर्षे लागली.

कोकणातल्या खाड्यांत ओहोटीला बायका खडकांवरची कालवे फोडतात. संध्याकाळचे कालवण आणि बाजारातले चार पैसे त्यावर असतात. त्याच खाडीत होड्या उभ्या असतात आणि त्याच किनाऱ्यावर त्यांची बुडे खरवडली जातात. आजचे बहुतेक रंग तांब्याच्या ऑक्साइडचे आहेत. टीबीटीच्या मानाने ते पुष्कळ सौम्य, पण शेवटी तेही विषच. म्हणून ते गरजेपुरतेच वापरावे. जी होडी रोज वाळूवर ओढून घेतली जाते, तिचे बूड उन्हात सुकते आणि चिकटलेला जीव आपोआप मरतो. तिला विषारी रंगाचा खर्च कशासाठी? सदैव पाण्यात उभ्या असणाऱ्या ट्रॉलरला तो लागतो. ॲल्युमिनियमच्या बुडाला तांब्याचा रंग लावू नये, तिथे ‘अलार्म’च्या खिळ्यांची गत होते. सिलिकॉनचे गुळगुळीत लेप विषाविना काम करतात, जीव त्यांवर घट्ट धरत नाही. पण ते महाग, आणि होडी वेगाने, वरचेवर चालत असेल तरच उपयोगी.

दुकानात डबा विचारताना माणूस ‘किती वर्षे टिकेल?’ असे विचारतो. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा. त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न हवेत. यातले काय झिजते? आणि झिजलेले जाते कुठे? पहिल्याचे उत्तर डब्यावरच्या छापील मजकुरात बहुधा मिळते. दुसऱ्याचे उत्तर आपल्या हातात असते. जुलैत बूड खरवडायला घ्याल तेव्हा होडीखाली जुनी ताडपत्री अंथरावी, कोरड्या खरवडीचा ढीग पोत्यात भरावा आणि भरतीच्या रेषेपासून दूर न्यावा. काम अर्ध्या तासाचे आहे. त्याने झिलईत काडीचाही फरक पडणार नाही. खाडीतल्या कालवांना मात्र पडेल.