सुताराचा हात आणि खेळाडूचा गुडघा

इंडियन सुपर लीग 2014च्या ऑक्टोबरात सुरू झाली, तेव्हा मुंबई सिटीचे घरचे सामने ठाणे जिल्ह्यात, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होत. संघाचं मोठं आकर्षण होता आर्सेनलचा माजी खेळाडू फ्रेडी ल्युंगबर्ग. वय 37. दुखापतींमुळे तो जेमतेम चार सामने खेळला आणि निवृत्त झाला. ल्युंगबर्गनंतर पाचच दिवसांनी, 21 एप्रिल 1977ला, कुवेतमध्ये जन्मलेला खालिद जमील तेव्हा मुंबई एफसीचा प्रशिक्षक होता आणि त्यालाही पाच वर्षं झाली होती. महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेल्या जमीलची शेवटची वर्षं दुखापतींनी खाल्ली, बत्तिशीत त्याचं खेळणं थांबलं. पुढे त्याने 2017मध्ये आयझॉलला आय-लीग जिंकून दिली आणि 2025मध्ये तो भारताचा प्रशिक्षक झाला. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण ज्यांचा गुडघा गेला त्या सगळ्यांना पुरतील इतकी प्रशिक्षकपदं नाहीत. पूर्वी मुंबई-ठाण्याकडच्या खेळाडूला रेल्वे, बँक किंवा एअर इंडियाची नोकरी असे. पाय गेला तरी टेबल राहायचं, पगार राहायचा. ती व्यवस्था आक्रसत गेली. व्यावसायिक संघ आले, पण महिंद्रा युनायटेड 2010मध्ये बंद झाला, मुंबई एफसी 2017मध्ये. उरला तो मोसमापुरता करार. अशा करारावर खेळणाऱ्याची दुखापत हा कामावरचा अपघात आहे आणि कायद्याने तो तसाच मोजायला हवा, असं माझं मत आहे.

हा वाद इंग्लंडमध्ये शंभर वर्षांपूर्वीच लढला गेला. मँचेस्टर युनायटेडच्या राखीव संघातला टॉमी ब्लॅकस्टॉक 1907च्या एप्रिलमध्ये चेंडूला डोकं लावल्यावर कोसळला आणि मेला. मृत्यू नैसर्गिक ठरला, कुटुंबाला भरपाई मिळाली नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बिली मेरेडिथ आणि त्याच्या सोबत्यांनी खेळाडूंची संघटना काढली. नुकसानभरपाईसाठी कोर्टात जाण्याचा हक्क, हा तिच्या आणि फुटबॉल संघटनेच्या भांडणातला एक मोठा मुद्दा होता. याच काळात वॉकर नावाचा एक खेळाडू क्रिस्टल पॅलेस क्लबविरुद्ध न्यायालयात गेला. फुटबॉलच्या इतिहासात त्याला एक ओळही मिळत नाही, पण 1910च्या कायदा-अहवालांत त्याचा खटला छापलेला आहे. आठवड्याला तीन पौंड दहा शिलिंग पगार, एका वर्षाचा करार, आणि खेळताना दुखावलेला गुडघा. क्लबचा युक्तिवाद चतुर होता: मैदानात खेळाडू स्वतःच्या कौशल्याने आणि अंदाजाने खेळतो, त्याला कुणी हुकूम देत नाही, मग तो कामगार कसा? अपील न्यायालयाने तो मानला नाही. हातात कसब असलेले कितीतरी कारागीर कामगारच असतात. हा खेळाडू तर सरावाला बांधलेला, कप्तानाचं ऐकायला बांधलेला. वॉकर जिंकला. त्याच्यावर उपकार म्हणून कुणी काही दिलं नाही, त्याचा हक्क मान्य झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

भारताने 1923मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा केला तो ब्रिटिश कायद्याच्याच वळणावर, पण कोणकोणत्या कामांना तो लागू, याची यादी जोडून. त्या यादीत पाणबुड्या आहे, ताडाच्या झाडावर चढणारा आहे, हत्ती आणि रानटी जनावरं सांभाळणाराही आहे. फुटबॉलपटू नाही. हा कायदा आता 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला असला तरी यादीची पद्धत तशीच आहे. वागळे इस्टेटमध्ये किंवा डोंबिवली एमआयडीसीत यंत्रावर अंगठा गेला तर 30 टक्के आणि तर्जनी गेली तर 14 टक्के, हे कायद्याच्या तक्त्यात छापलेलं आहे. गुडघ्याच्या आत तुटलेलं लिगामेंट तिथे सापडणार नाही. पण तक्त्याबाहेरच्या दुखापतीसाठी कमाईची क्षमता किती गेली हे डॉक्टरने ठरवावं, अशी सोय त्यातच आहे. आणि ती क्षमता कशी मोजायची हे सर्वोच्च न्यायालयाने 1976मध्ये छापून आलेल्या प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या निकालात दाखवून दिलं. सबाता सुतार होता. सिनेमागृहात सजावटीचं काम करताना पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. मालक म्हणाला, एक हात शाबूत आहे, म्हणजे अपंगत्व अंशतः. न्यायालय म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून याचं नुकसान पूर्ण आहे. चालता येतं, जिना चढता येतो, पण नव्वद मिनिटं पळता येत नाही, अशा पंचवीस वर्षांच्या बचावपटूला हाच न्याय लावायला काय हरकत आहे?

हरकती आहेत, आणि त्यातली वयाची खरोखर वजनदार आहे. पूर्ण अपंगत्वासाठी पगाराच्या 60 टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणतात. तो अंक पंचविशीत 216.91, पस्तिशीत 197.06. पगाराची मर्यादा महिना 15,000 रुपये धरली तर पंचवीस वर्षांच्या माणसाला 19,52,190 आणि पस्तीस वर्षांच्याला 17,73,540 रुपये होतात. म्हणजे कायद्याच्या नजरेत या दोघांपुढे जवळजवळ सारखंच आयुष्य आहे. कारखान्यात ते खरं, मैदानात नाही. पस्तिशीतला खेळाडू तसाही थांबणारच होता, मग त्याला साठीपर्यंतची भरपाई का द्यायची? यावर मी म्हणेन, खेळाडूसाठी वेगळा अंक ठरवा, वाटल्यास पस्तिशीनंतर उतरता ठेवा. मोजायला अवघड म्हणून शून्य देणं हा हिशेब नव्हे. खेळाडू धोका पत्करून मैदानात उतरतो, हा आक्षेप पाणबुड्यालाही लागू पडतो, तरी तो यादीत आहे. आणि खेळाडू श्रीमंत असतात म्हणणाऱ्यांनी स्थानिक लीगमध्ये मोसमापुरत्या मानधनावर खेळणाऱ्या मुलांकडे पाहावं. साडेएकोणीस लाख रुपये त्यांच्यासाठी नवीन धंदा उभा करण्याइतकी रक्कम आहे. फिफाने 2012पासून राष्ट्रीय संघाकडून खेळताना जायबंदी झालेल्यांसाठी विमा योजना आणली, एका खेळाडूमागे 75 लाख युरोपर्यंत. पण ते पैसे क्लबला मिळतात, बुडालेला पगार भरून काढण्यासाठी. मालकाच्या तोट्याचं मोल आधी झालं.

राहिली झीज. एका टक्करीत तुटलेलं लिगामेंट हा अपघात, पण दहा वर्षं कडक मैदानावर धावून झिजलेली कूर्चा कशात बसवायची? कारखान्यातल्या आवाजाने आलेला बहिरेपणा याच कायद्याच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. तोही एका दिवसात येत नाही. इंग्लंडचा फुटबॉलपटू जेफ ॲसल 2002मध्ये 59व्या वर्षी गेला, तेव्हा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं चेंडूला डोकं लावून मेंदूला झालेली इजा हा औद्योगिक आजार ठरवला. आपल्याकडे निदान पहिलं पाऊल सोपं आहे. धोक्याचा व्यवसाय यादीत घालायला नव्या कायद्याची गरज नव्हती; 1923च्या कायद्याने तो अधिकार सरकारला दिला होता, तीन महिन्यांची पूर्वसूचना आणि राजपत्रातली एक अधिसूचना एवढंच लागत होतं. यादी वाढवण्याचा अधिकार फुटबॉलपटूसाठी वापरावा, ही मागणी खेळाडूंच्या संघटनेने, क्लबांनी आणि राज्याच्या क्रीडा खात्याने मिळून करावी, आणि अशी प्रकरणं ठाण्याच्या कामगार न्यायालयात यंत्रावर बोट गमावलेल्या माणसाच्या शेजारीच चालावीत.