परतीची वाट आणि फोनची रिकव्हरी

वस्तू जुनी झाली म्हणून ती टाकून देण्याची चाल आपल्या घरांत फारशी कधी नव्हती. सायकल, शिवणयंत्र, रेडिओ या वस्तू दुरुस्त होत होत दुसऱ्या पिढीच्या हाती येत. स्मार्टफोनचे मात्र तसे नाही. त्याचा पडदा धड असतो, बॅटरी बदलता येते. परंतु कंपनी काही वर्षांनी नव्या आवृत्त्या देण्याचे थांबवते आणि चांगला चालणारा फोन अकाली म्हातारा ठरतो. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, कल्याण या भागांतून महाविद्यालयात येणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या हाती असा एखादा जुना किंवा दुसऱ्याने वापरून विकलेला फोन असतो. त्यात कंपनीची प्रणाली काढून स्वतंत्र कार्यकर्त्यांनी तयार केलेली नवी प्रणाली घालण्याची, म्हणजे ‘कस्टम रॉम’ बसविण्याची हौस विद्यार्थ्यांत आहे, आणि पुष्कळदा ती हौस नसून गरज असते.

या कामाच्या आरंभीच एक प्रश्न विचारला जातो : ‘कोणती रिकव्हरी चांगली?’ प्रस्तुत लेखाचा हेतू या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा आहे. परंतु आधी हे सांगितले पाहिजे की प्रश्न अपुरा आहे. ‘माझ्या फोनला कोणती चालेल, आणि काही बिघडले तर तिच्या आधाराने मला मागे येता येईल काय?’ असा तो विचारावयास हवा.

रिकव्हरी म्हणजे काय?

एस.टी. रस्त्यावर धावत असताना तिचे इंजिन उतरवता येत नाही. त्यासाठी ती आगारात आणावी लागते. फोनचेही तसेच आहे. अँड्रॉइड चालू असताना तिलाच पुसून तिच्या जागी दुसरी प्रणाली घालणे शक्य नसते. म्हणून फोनच्या साठवणीत एक लहानशी वेगळी प्रणाली ठेवलेली असते. मुख्य प्रणाली बंद ठेवून तिच्यावर काम करण्याची ही जागा, म्हणजेच रिकव्हरी. कंपनीने दिलेली रिकव्हरी मुख्यतः दोनच कामे करते : फोन पुसून कोरा करणे, आणि कंपनीची स्वाक्षरी असलेली नवी आवृत्ती बसविणे. दुसऱ्या कोणाची फाइल ती स्वीकारत नाही. यास्तव तिच्या जागी अधिक मोकळी अशी ‘कस्टम रिकव्हरी’ घालावी लागते.

फोन सुरू होताना मुख्य प्रणालीकडे जावयाचे की रिकव्हरीकडे, हे ठरविणारा भाग म्हणजे बूटलोडर. कल्याणच्या पुढे रेल्वेचा मार्ग दुभंगतो. सांधा एका बाजूस वळला तर गाडी विठ्ठलवाडीवरून कर्जतकडे जाते. दुसऱ्या बाजूस वळला तर शहाडवरून कसाऱ्याकडे. बूटलोडर हा फोनमधील असा सांधा होय. तो कुलूपबंद असतो तोवर कंपनीचा शिक्का नसलेली गाडी पुढे सोडत नाही. कस्टम रिकव्हरी घालण्यापूर्वी हे कुलूप उघडावे लागते, आणि ते उघडताच फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. ही खोड नसून संरक्षण आहे. चोराने कुलूप उघडले तरी त्याच्या हाती कोराच फोन यावा, हा त्यामागील विचार. कित्येक कंपन्या कुलूप उघडू देत नाहीत. काही आधी खाते जोडावयास लावून कित्येक दिवस वाट पाहावयास लावतात.

नाव एक, फोन दोन

निवडीतील पहिली पायरी म्हणजे आपला फोन ओळखणे. हे वाटते तितके सोपे नाही. शाओमी कंपनीचा ‘रेडमी नोट ४’ हा फोन जानेवारी २०१७ मध्ये भारतात आला आणि विद्यार्थिवर्गात अतिशय लोकप्रिय झाला. त्यात क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ६२५ ही चिप होती आणि त्याचे सांकेतिक नाव ‘मिडो’. परंतु ऑगस्ट २०१६ मध्ये चीनमध्ये याच नावाने निघालेल्या फोनात मीडियाटेकची हेलिओ एक्स २० ही चिप होती. त्याचे सांकेतिक नाव ‘निकेल’. नाव एकच, यंत्रे दोन! उलट, भारतातला स्नॅपड्रॅगनवाला फोन चीनमध्ये ‘रेडमी नोट ४ एक्स’ या नावानेही विकला गेला. तेव्हा खोक्यावरचे नाव पाहून रिकव्हरी घेणे म्हणजे आडनाव पाहून सोयरीक जुळविणे होय. सांकेतिक नाव हीच खरी ओळख. फोन संगणकाला जोडून योग्य आज्ञा दिली की तो ते स्वतःच सांगतो.

चुकीच्या फोनची रिकव्हरी घातली तर ती बहुधा सुरूच होत नाही. खरा धोका त्यापुढे आहे. पुष्कळ रॉमच्या फायली बसण्यापूर्वी रिकव्हरीला फोनचे सांकेतिक नाव विचारतात आणि नाव जुळले नाही तर काम थांबवितात. रिकव्हरीनेच आपले नाव चुकीचे सांगितले, तर हा पहारा निरुपयोगी होतो. अशा वेळी फोनची वीट होण्यास वेळ लागत नाही.

दुसरी पायरी फोनची अंतर्गत रचना पाहण्याची. त्याच २०१७ सालच्या सप्टेंबरात त्याच कंपनीचा ‘मी ए १’ हा फोन भारतात आला. त्यातील चिपही तीच, स्नॅपड्रॅगन ६२५. तरीही दोहोंची रिकव्हरी घालण्याची रीत निराळी आहे. ‘मिडो’मध्ये रिकव्हरीसाठी स्वतंत्र विभाग आहे, त्यातील जुनी काढून नवी घालावयाची. ‘मी ए १’मध्ये असा विभागच नाही. तेथे ‘ए-बी’ पद्धत आहे. अँड्रॉइड ७ बरोबर २०१६ मध्ये आलेल्या या पद्धतीत प्रणालीचे दोन संच असतात. एक चालू असताना नवी आवृत्ती दुसऱ्यात बसते आणि फोन पुन्हा सुरू होताना संच बदलतो. रिकव्हरी ‘बूट’ विभागातच सामावलेली असते. म्हणून तेथे रिकव्हरी प्रथम संगणकावरून तात्पुरती चालवितात आणि मग तिच्यातूनच तिला ‘बूट’ विभागात जोडून देतात. ‘मिडो’ची रीत आंधळेपणाने ‘मी ए १’वर चालविली, आणि रिकव्हरीची फाइल सरळ ‘बूट’वर लिहिली, तर फोन चालू होण्याची मूळ सोयच पुसली जाते. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० बरोबर विभागांची रचना पुन्हा बदलली. तात्पर्य, मित्राच्या फोनवर जमले ते आपल्या फोनवर जमेलच असे नाही.

कोणती घ्यावी?

फोनची ओळख पटल्यावर मग रिकव्हरीचे गुण पाहावेत. आरंभीच्या काळात कौशिक दत्ता यांची ‘क्लॉकवर्कमॉड’ ही सर्वांत प्रचलित होती. २०११ मध्ये ‘टीम विन’ या गटाची टी.डब्ल्यू.आर.पी. आली. तिच्यात बोटाने स्पर्श करून कामे करता येतात, फायली हलविता येतात, विभागांची राखीव प्रत घेऊन ती पुन्हा भरता येते. नवशिक्यास ती समजण्यास सोपी. हिच्याच पायावर उभारलेली ‘ऑरेंजफॉक्स’ ही शाओमीच्या फोनधारकांत विशेष आवडती आहे; तीत सोयी आणखी आहेत. तिसरा पर्याय ‘लिनिएज ओ.एस.’ या रॉमबरोबर येणाऱ्या रिकव्हरीचा. सायनोजेनमॉड २०१६ च्या अखेरीस बंद पडल्यावर तिच्या जागी लिनिएज उभी राहिली. तिची रिकव्हरी अगदी साधी आहे : फोन पुसावा, संगणकावरून पाठविलेली फाइल बसवावी, एवढेच. राखीव प्रत घेण्याची सोय तीत नाही.

यावरून साधी ती हलकी असे मात्र समजू नये. ज्यास केवळ लिनिएज बसवून वर्षभर नुसत्या तिच्याच नव्या आवृत्त्या घ्यावयाच्या आहेत, त्याने तिचीच रिकव्हरी घ्यावी. दोन्ही एकाच हाताने घडलेल्या असल्याने खटके कमी उडतात. ज्यास निरनिराळ्या रॉम पडताळून पाहावयाच्या आहेत, त्यास टी.डब्ल्यू.आर.पी. किंवा ऑरेंजफॉक्स सोयीची. मात्र ती आपल्या सांकेतिक नावासाठी आणि आपल्या अँड्रॉइड आवृत्तीसाठी निघालेली आहे ना, तिची देखभाल अजून चालू आहे ना, आणि फाइल मूळ ठिकाणाहून घेतली आहे ना, हे पाहावे. फाइलीसोबत दिलेला पडताळणी-अंक जुळवून पाहणे हे पाच मिनिटांचे काम आहे. ते टाळू नये.

पुष्कळ फोनांत रिकव्हरी कायमची न लिहिता एकदाच चालवून पाहता येते. ही परीक्षा अवश्य घ्यावी. स्पर्श चालतो काय? आपला पिन घेऊन ती फोनची साठवण उघडते काय? आजच्या फोनांतील माहिती सांकेतिक स्वरूपात कुलूपबंद असते. रिकव्हरीस ती उलगडता आली नाही, तर फायलींची नावे अर्थहीन अक्षरांत दिसतात. अशी रिकव्हरी रॉम बसवू शकेल, पण आपल्या माहितीची प्रत घेऊ शकणार नाही.

राखीव प्रतीचा भ्रम

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. टी.डब्ल्यू.आर.पी.मध्ये ‘डेटा’ची राखीव प्रत घेतली म्हणजे सर्व काही जपले गेले, अशी समजूत सर्रास आढळते. ती खरी नाही. त्या प्रतीत ॲप आणि त्यांची माहिती येते. छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, उतरवून घेतलेल्या फायली ज्या अंतर्गत साठवणीत असतात, तो भाग वगळलेला असतो. शिवाय ती प्रत फोनमध्येच ठेवली आणि पुढे फोन पूर्ण पुसावा लागला, तर प्रतही त्याबरोबर जाते.

आपल्यातील पुष्कळांचा फोन हा एकमेव संगणक आहे. व्याख्यानांच्या टिपणांची छायाचित्रे, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीच्या अर्जाची कागदपत्रे, गावाकडच्या आजीचा रेकॉर्ड केलेला आवाज, हे सारे त्याच एका ठिकाणी असते. रॉम पुन्हा मिळते, रिकव्हरी पुन्हा मिळते. आजीचा आवाज मिळत नाही. म्हणून कुलूप उघडण्यापूर्वीच हे सर्व संगणकावर किंवा दुसऱ्या साठवणीत उतरवून, तेथे ते उघडून पाहावे. त्याबरोबर आपल्या सांकेतिक नावाची कंपनीची मूळ प्रणालीही उतरवून ठेवावी. रिकव्हरीही कोलमडली तर फास्टबूटच्या मार्गाने तीच फोनला उभे करते. रिकव्हरी सुरू झाल्यावर ‘ई.एफ.एस.’ हा विभाग दिसत असेल, तर त्याचीही प्रत घ्यावी. त्यात आपल्या फोनचा आय.एम.ई.आय. क्रमांक व नेटवर्कची जुळणी असते. ही प्रत केवळ त्याच फोनात परत भरावयाची, आय.एम.ई.आय. क्रमांकात फेरफार करणे हा भारतात गुन्हा आहे.

उघड्या कुलपाची किंमत

शेवटी खर्चाची बाजू. बूटलोडर उघडा राहिला की फोन हाती लागलेला कोणीही त्यात आपली रिकव्हरी चालवू शकतो. पिन असेल तर माहिती सहजी वाचता येणार नाही, परंतु प्रणालीत ढवळाढवळ करता येते. फोन दर वेळी सुरू होताना जो इशारा दाखवितो तो यासाठीच. बँकांची व पैसे पाठविण्याची काही ॲप अशा फोनात चालण्यास नकार देतात. ज्याचे फीचे, मेसचे, पासचे सारे व्यवहार एकाच फोनावर आहेत, त्याने हा विचार आधी करावा. आणि नंतर घाबरून कस्टम रॉम असतानाच कुलूप पुन्हा लावू नये. बूटलोडरला शिक्का ओळखता आला नाही तर फोन मुळीच सुरू होणार नाही. आधी कंपनीची प्रणाली पूर्ववत घालावी, मग कुलूप लावावे.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, घरात दुसरा फोन असेल आणि पहिला प्रयोगास मोकळा असेल, तर हे शिक्षण अवश्य घ्यावे. यंत्राच्या आत काय चालते हे कलाशाखेच्या विद्यार्थ्यासही कळले पाहिजे, आणि जुन्या वस्तूस दुसरे आयुष्य देण्यात समाधानही आहे. परंतु फोन एकच असेल, तर आधी कागद घेऊन त्यावर सांकेतिक नाव, विभागांची रचना, मूळ प्रणालीची फाइल आणि फोनबाहेर ठेवलेल्या प्रतीचे ठिकाण या चार गोष्टी लिहाव्यात. चारांपैकी एक जरी रकाना रिकामा राहिला, तरी काम त्या दिवशी करू नये.