कोणत्या झाडाचा कोळसा?

पुणे जिल्ह्यातल्या मुठा खोऱ्यात धातूची खाण नाही, आणि असण्याचे कारणही नाही. मुळशीचा हा मुलूख काळ्या कातळाचा. त्यात खणून काढावे असे तांबे नाही. याच जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी तांबे वापरात होते, ते बाहेरून आलेले. तरीही प्राचीन खाणकामाची गोष्ट मुठेपासून सुरू करता येते. खनिज नसले तरी खाणीला आणि भट्टीला लागणारे लाकूड इथल्या डोंगरांवर भरपूर होते. धातूच्या इतिहासात आपण खनिजाची विचारपूस फार करतो आणि लाकडाची जवळजवळ नाही.

नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नैकुंड आहे. शां. भा. देव आणि अरविंद जामखेडकर यांच्या उत्खननात १९७८ ते १९८० या काळात तिथे महापाषाणीय लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली: वक्र विटांची, गोल, आकाराने लहानशी. भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्या आणि धातुमळही मिळाला. काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा. अशा भट्टीत लोखंड वितळत नाही. त्यासाठी १५३८ अंश सेल्सिअस तापमान लागते. इथे बाराशेच्या आसपास पोचले तरी काम होते. मळ वितळून बाजूला होतो आणि लोखंडाचा सच्छिद्र गोळा उरतो, तो तापवून ठोकायचा. खनिजातला प्राणवायू काढून घेतो तो कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड. ओल्या, धुरकट लाकडाने हे साधत नाही. म्हणून आधी लोणारी कोळसा पाडावा लागतो, आणि मातीने लिंपलेल्या जुन्या पद्धतीच्या भट्टीत एक किलो कोळशासाठी साधारण पाच ते सात किलो लाकूड खपते. एवढ्याशा नैकुंडच्या भट्टीमागे केवढे रान उभे असणार!

खाणीच्या आतला हिशेब वेगळा. राजस्थानात उदयपूरजवळच्या जावरला जस्ताच्या जुन्या खाणी आहेत. हिंदुस्तान झिंक, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि ब्रिटिश म्युझियम यांनी १९८० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला, के. टी. एम. हेगडे आणि पॉल क्रॅडॉक ही त्यातली ठळक नावे. सुरुंगाची दारू येण्यापूर्वी कठीण खडक आगीने फोडत. खडकाला लागून लाकडे रचायची, पेटवायची. तापलेला दगड असमान फुगून तडकतो, मग छिन्नी-हातोडा चालतो. जावरच्या गुळगुळीत, गोलसर पोकळ्या आणि तळाशी साचलेली राख-कोळसा ही त्याची खूण. आधाराचे लाकूडही तिथे टिकले आणि त्याच्या कार्बन-कालमापनाने या खाणी इसवी सनापूर्वीच्या शतकांत जातात हे कळले.

म्हणजे एकाच धंद्यात तीन प्रकारचे लाकूड. खडक तापवायला ज्वाळा देणारे, हाताशी असेल ते. छताला टेकू द्यायला सरळ, टिकाऊ. भट्टीला खैर किंवा धावडा यांसारख्या जड, कठीण झाडाचा कोळसा. उत्खननात तिन्ही काळे तुकडे म्हणून एकाच पिशवीत पडले, तर त्यातली निम्मी साक्ष तिथेच बुडाली.

कोळसा कुजत नाही आणि जळतानाही लाकडाची पेशीरचना टिकवतो. तुकडा हाताने मोडून तीन दिशांच्या ताज्या भेगा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या की वाहिन्यांची मांडणी दिसते. सागात वाढीच्या वर्तुळाच्या सुरुवातीला मोठ्या वाहिन्यांची रांग असते, म्हणून तो लवकर ओळखता येतो. वर्तुळे किती वाकलेली आहेत यावरून फांदी होती की जाड खोड, याचाही अंदाज येतो. खोडे संपून डहाळ्या येऊ लागल्या, तर आसपासचे रान विरळ होत होते असा संशय घ्यायला जागा मिळते. इस्रायलमधल्या तिम्ना खोऱ्यात तांब्याच्या भट्ट्यांच्या कोळशावरून २०२२ मध्ये असाच निष्कर्ष निघाला: आधी बाभळीच्या कुळातले आणि रोतेम झुडपाचे उत्तम जळण, पुढे हलक्या प्रतीचे.

आपल्याकडे कोळसा बराच काळ तारखेसाठी गोळा झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील धर्मपाल अग्रवाल, शीला कुसुमगर यांच्या प्रयोगशाळेने भारतीय पुरातत्त्वाला कालक्रम दिला, हे ऋण मोठेच. पण जुन्या पद्धतीत काही ग्रॅम कार्बन जाळावा लागे. तुकडा गेला की झाडाची ओळखही गेली. शिवाय मिळते ती लाकूड वाढल्याची तारीख, जाळल्याची नव्हे. शंभर वर्षांच्या खोडाचा गाभा भट्टीला आहे त्यापेक्षा शंभर वर्षे जुनी ठरवू शकतो. आधी झाड ओळखायचे, मग तारीख काढायची, हा क्रम सक्तीचा असावा असे मला वाटते.

इंधनावर धंदा कसा अडतो, याचा नमुना सह्याद्रीतच आहे. महाबळेश्वरच्या परिसरात धावड लोक जांभ्यातले लोखंड गाळत. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात जंगले राखीव केली, कोळसा अवघड झाला आणि स्वस्त विलायती लोखंडापुढे तो धंदा बसला. खनिज तिथेच होते.

मुठेच्या शेजारच्या आंबी खोऱ्यात उलटे घडले: झाडे होती, गिऱ्हाईक मागाहून आले. पानशेत धरणासाठी रस्ते झाले, कोळशाचे व्यापारी डोंगरापर्यंत पोचले, आणि विस्थापित होणाऱ्या गावकऱ्यांची झाडे मातीमोलाने पुण्याच्या शेगड्यांत गेली. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. देवराया बऱ्याच अंशी राहिल्या. हिरडाही फळाच्या कमाईमुळे अनेक ठिकाणी वाचला.

कोळसा पाडलेल्या जागेवर काळ्या मातीचे वर्तुळ मागे राहते. ते प्राचीन नसते, पण पुरातत्त्वाला उपयोगाचे असते. ऐन, किंजळ, हिरडा आणि अर्जुन ही सगळी टर्मिनॅलिया वंशातली झाडे. जळाल्यावर ती इतकी सारखी दिसतात की अनेकदा वंशापर्यंतच थांबावे लागते. त्यापुढे जायचे तर ओळखीच्या झाडांचा, ओळखीच्या भट्टीतला कोळसा तुलनेला हवा, आणि तो या वर्तुळांतून मिळू शकतो. कोणत्या लाकडाचा कोळसा लोहाराला चालतो आणि कोणता नुसत्या शेगडीला, हे कोळसा पाडणाऱ्या कातकरी कुटुंबांतल्या जुन्या माणसांना विचारता येईल. मुळशीतले उतार बंगल्यांच्या प्लॉटसाठी सपाट होत आहेत, तेव्हा त्या काळ्या वर्तुळांची नोंद आधी व्हावी.