घुंऽऽ... कर्रर्र! करवत फिरते तेव्हा

मुलांनो, घरात कधी सुतारकाम निघालं होतं का? मग हा आवाज तुमच्या ओळखीचा असणार. आधी घुंऽऽ, मग लाकडाला टेकताच कर्रर्र! खोलीभर भुसा, आणि फळीचे दोन तुकडे. ही आहे हातात धरून चालवायची विजेची गोल करवत.

तिची जन्मकथा उसाच्या फडातली आहे म्हणे! १९२०च्या दशकात अमेरिकेत एडमंड मिशेल यांनी ऊसतोडणी करणारे थकलेले मजूर पाहिले आणि कोयत्यालाच मोटर व छोटं गोल पातं जोडलं. त्यातूनच पुढे लाकूड कापायची करवत आली.

आता एक गणित करू. नेहमीच्या मोठ्या करवतीचं पातं सव्वासात इंच व्यासाचं, म्हणजे त्याचा परीघ साधारण ५८ सेंटिमीटर. मिनिटाला ५,००० फेरे धरले, तर प्रत्येक दात मिनिटाला २,९०० मीटर धावतो. म्हणजे ताशी १७४ किलोमीटर! बोट मागे घ्यायला वेळच मिळत नाही. म्हणून सगळी काळजी बटण दाबायच्या आधीच घ्यायची असते.

जाणता सुतार आधी लाकडात खिळा नाही ना, ते पाहतो. फळी शिकंज्याने घट्ट आवळतो. पातं फळीच्या खाली जेमतेम अर्धा सेंटिमीटर येईल एवढंच ठेवतो. डोळ्यांवर चष्मा चढवतो, बाह्या दुमडतो, वायर मागे घेतो. पातं बदलायचं असेल, तर आधी प्लग काढतो.

सगळ्यात मोठा धोका कोणता? पातं अडकण्याचा! फळीला फक्त दोन टोकांना आधार दिला, की कापताना ती मध्ये वाकते आणि चीर मिटते. पातं चिमटीत सापडतं आणि करवत झटक्यात मागे, चालवणाऱ्याच्या अंगावर उसळते. म्हणून कापलेला तुकडा मोकळा सुटेल असा आधार द्यायचा, करवत दोन्ही हातांनी धरायची आणि पात्याच्या रेषेत न राहता जरा बाजूला उभं राहायचं.

आणि अचूकपणा? ९० सेंटिमीटरच्या फळीचे ३० सेंटिमीटरचे तीन तुकडे होतील? नाही! प्रत्येक काप दोन-अडीच मिलिमीटर लाकडाचा भुसा करतो. शेवटचा तुकडा आखूड भरतो. म्हणून काप रेघेवर नाही, तर रेघेला लागून, टाकाऊ बाजूला घ्यायचा. सरळ जाण्यासाठी गुण्याने रेघ मारून एक सरळ पट्टी आवळायची आणि करवत तिला टेकवून न्यायची. पात्याचे दात खालून वर कापतात, त्यामुळे ढलप्या वर निघतात. म्हणून चांगली बाजू खाली!

आईबाबांसाठी एक गोष्ट. फरशी कापायच्या मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून काम उरकलेलं आपण नेहमी पाहतो. खऱ्या लाकडाच्या करवतीला खालून आपोआप मिटणारं झाकण असतं, कटरला ते नसतं. काम देताना याची चौकशी जरूर करा.

आणि मुलांनो, हे यंत्र तुम्ही हातात घ्यायचं नाही. सुतारकाका कापत असताना त्यांना हाक मारायची नाही, जवळ जायचं नाही. बटण बंद केलं तरी पातं काही क्षण फिरतच असतं. ते पूर्ण थांबलं, की मग खुशाल विचारा, "काका, रेघ कुठे मारली होती?"