दाखला काढण्याआधी थांबा

नववीपर्यंत अभ्यासात बरा असलेला मुलगा दहावीत शाळा बुडवायला लागतो. सकाळी पोट दुखतं, दुपारी बरं वाटतं. पुस्तक उघडून तासभर बसतो, पण पान उलटत नाही. मोबाईलने वाया गेला, असं आपण म्हणतो. मग एक दिवस वडील दाखला काढून आणतात आणि पोरगा रंगकामाला जातो. मुलगी असेल तर स्थळं बघणं सुरू होतं. आपल्या वस्तीत अशी घरं आम्ही पाहिली आहेत. त्यातल्या काही ठिकाणी तो आळस नव्हता, आजार होता, हे आम्हालाही उशिरा कळलं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मनाचे साधारण एक तृतीयांश आजार वयाच्या १४ वर्षांआधी सुरू होतात. म्हणजे साधारण आठवी-नववीत. नैराश्यात झोप बिघडते, वाचलेलं डोक्यात राहत नाही. चिंतेच्या आजारात वर्गात उभं राहायचं म्हटलं तरी छाती धडधडते. गृहपाठ राहतो, बोलणी बसतात, म्हणून आणखी एक दिवस बुडतो. बुडालेले दिवस वाढले की परत जायची लाज वाटते. शाळा अशी हळूहळू सुटते. घरातली दारू, अभ्यासाला कोपरा नसणं, वर्गात आडनावावरून जात काढली जाणं, यांनी भर पडते. ही शेवटची गोष्ट मुलं घरी सांगत नाहीत, आईबाबांना त्रास नको म्हणून. आपणच विचारायला हवं, आणि ओरडून नाही.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस असं चाललं तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. जरा बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. (अंगारे-धुपारे आपण १९५६ सालीच सोडले, तरी ‘बाहेरचं असेल’ ही कुजबुज अजून कानावर येते.) मूल मरणाची भाषा करत असेल तर सरळ विचारा. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता शाळेचं. आजार बरा व्हायला वेळ लागतो, पण तोवर नाव पटावर राहू द्या. वर्गशिक्षकांना भेटून सांगा, डॉक्टरांचा कागद द्या. दहावीला एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो, आणि राहिलेले विषय पुरवणी परीक्षेत सोडवता येतात. शाळा आधीच सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं. त्यासाठी शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो घरात कुठे आहे, ते आजच बघून ठेवा. सापडत नसेल तर शाळेत जाऊन दुसरी प्रत मागा.